जोडीचा नियम आमच्या नावावर लावू नका : परळच्या आमच्या बारच्या नव्या मालकांना खुलं पत्र

नव्या मालकांना,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुमच्या दारावर नवी पाटी लागली. मॅचच्या दिवशी प्रवेश फक्त जोडीला. एकट्या पुरुषाला किंवा नुसत्या पुरुषांच्या घोळक्याला प्रवेश नाही. पायात चप्पल चालणार नाही, हाफ पँट चालणार नाही. टेबल आधी बुक करायचं आणि किमान बिल ठरलेलं. या सगळ्याच्या खाली कारण लिहिलंय : महिलांच्या सुरक्षिततेसाठी.

मी महिला आहे. तुमच्या दारासमोरच्या चाळीत माझा जन्म झाला, आजही तिथेच राहते, गल्लीतल्या मुलींना संध्याकाळी कबड्डी शिकवते. ज्यांच्या सुरक्षिततेचं नाव त्या पाटीवर आहे, त्यांतली मी एक. या पत्राखाली सह्या करणाऱ्या बाकीच्याही त्यांतल्याच. आम्हाला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर आम्ही सांगितलं असतं की हा नियम आम्हाला नको. काउंटरवर चिठ्ठी देऊन पाहिली, तेव्हा "ऑफिसला कळवतो" एवढंच उत्तर मिळालं. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहिते आहे.

तुम्ही पैसे मोजून जागा घेतली आहे. ती कशी चालवायची हे ठरवायचा हक्क तुमचा आहे, हे मला मान्य आहे. खर्चाचीही कल्पना आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये बारमधल्या मद्यावरचा व्हॅट ५ टक्क्यांवरून १० टक्के झाला, २०२५ मध्ये परवाना शुल्क वाढलं, उत्पादन शुल्क वाढलं, आणि १४ जुलै २०२५ ला राज्यभरच्या बारवाल्यांनी एक दिवस शटर खाली ठेवलं. त्या दिवशी हाही बार बंद होता. त्यानंतर काही महिन्यांनी बारच्या जुन्या मालकांनी, अण्णांनी, विकायचं मनावर घेतलं. त्यांचं वय झालं होतं, मुलांना हा धंदा नको होता, गुडघे दुखत होते आणि उडुपीकडचं घर बोलावत होतं. जाताना ते चाळीत प्रत्येक मजल्यावर येऊन भेटून गेले. तुमच्याबद्दल चांगलंच बोलले. "पोरं हुशार आहेत, खेळाचा शौक आहे, बार चांगला चालवतील," म्हणाले. त्यांच्या त्या शब्दावर भरवसा ठेवूनच हे लिहिते आहे.

तुम्ही या जागेला आता स्पोर्ट्स बार म्हणता. पण खेळ इथे तुमच्या आधीपासून बघितला जातोय, आणि तो कसा बघितला जातो हे तुम्हाला माहीत असायला हवं.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यात माझे वडील होते. इथलं गिऱ्हाईक म्हणजे गिरणीची पाळी सुटली की येणारी माणसं. पगार थांबल्यावर अण्णांनी एक नियम केला आणि तो शेवटपर्यंत मोडला नाही : दारू उधारीवर मिळणार नाही, जेवण मिळेल. डाळ, भात, सुक्या बांगड्याचा तुकडा. वहीत नाव लिहायचे, काहींनी पुढे वर्षांनी ते पैसे फेडले, काहींचे राहिले. राहिले त्यांची नावं अण्णांनी कधी कुणाला सांगितली नाहीत.

२५ जून १९८३ ला लॉर्ड्सवर क्रिकेट वर्ल्ड कपची फायनल होती तेव्हा संपाचं दुसरं वर्ष चालू होतं. घरोघरी टीव्ही नव्हते. बारमध्ये लाकडी फळीवर एक संच होता. आत बसलेल्यांपैकी निम्म्यांच्या खिशात सोड्याचे पैसे नव्हते, तरी कुणाला उठवलं नाही. आम्हा पोरांना आत यायची बंदी होती, ती बरोबरच होती, म्हणून आम्ही फुटपाथवर. भारत १८३ वर आटोपला तेव्हा आतली माणसं गप्प झाली. अण्णांनी तेवढ्या वेळात तो टीव्ही फळीवरून थोडा दाराकडे वळवला, आतल्यांना मान वाकडी करून बघावं लागेल इतका, आणि बाहेरच्या पोरांनाही दिसायला लागलं. वेस्ट इंडिज १४० वर संपली. त्या रात्री गिरणगावात, पगार नसलेल्या माणसांनी एकमेकांना खांद्यावर घेतलं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

त्यानंतर इथे काय काय पाहिलं गेलं ते सगळं सांगत नाही. शारजातली सचिनची दोन शतकं, २००७ ची जोहान्सबर्गची फायनल, २ एप्रिल २०११ ची वानखेडेची रात्र, अहमदाबादचा १९ नोव्हेंबर २०२३, ज्या रात्री या गल्लीत कुणी कुणाशी बोललं नाही. फुटबॉलही. २०१४ ची जर्मनी-अर्जेंटिना फायनल आपल्याकडे रात्री साडेबाराला सुरू झाली आणि दीडला बार बंद करायचा कायदा. अण्णांनी बरोबर वेळेवर बिलं केली, दिवे घालवले आणि सगळे उठून मंडळाच्या खोलीत गेले. गोट्झेचा गोल तिथे पाहिला. कायदाही पाळला गेला आणि मॅचही कुणाची चुकली नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र लिहायला घेतलं तिच्याकडे येते.

बार म्हटलं की या शहरात बाई दोन पावलं मागे सरते. डान्स बारच्या बंदीवरून २००५ पासून जे वाद झाले, कोर्टकचेऱ्या झाल्या, त्या सगळ्या वर्षांत या शब्दाभोवती फार घाण बोललं गेलं. त्याहून जुनं कारण घरातलं आहे. आमच्या चाळीत दारूने उठवलेली घरं आहेत. मी ती जवळून पाहिली आहेत, त्यामुळे दारूचं कौतुक मी करणार नाही. आपल्या राज्यात नियम आहे, तुम्हाला परवाना घेताना कुणी सांगितलाच असेल : प्रभागातल्या बायकांनी मागणी केली तर मतदान होतं, मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली असते, आणि आडव्या बाटलीला ठरलेल्या प्रमाणात मतं पडली तर दुकान, बार बंद. राज्यात कितीतरी ठिकाणी बायकांनी असं करून दाखवलं आहे. आमच्या इथे एकदा बायका सह्या गोळा करायला निघाल्या होत्या. वस्तीतल्या देशी दारूच्या अड्ड्याविरुद्ध जोरात सह्या झाल्या. या बारचं नाव निघालं तेव्हा माझी आईच म्हणाली, "याचं नाव काढू नका."

का, ते सांगते. कारण एखादी बाई मागच्या गल्लीच्या दाराने येऊन अण्णांना सांगायची की आज पगाराचा दिवस आहे, यांना देऊ नका. आणि ते द्यायचे नाहीत. गिऱ्हाईक चिडायचं, शिव्या द्यायचं, दुसऱ्या बारात जायचं. अण्णा दुसऱ्या दिवशी त्याला लिंबू सोडा पाजून समजूत घालायचे. एकाचा पगार ते स्वतः ठेवून घ्यायचे आणि सकाळी त्याच्या बायकोच्या हातात द्यायचे. हे धंद्याच्या कुठल्या वहीत बसत नाही. पण याच्यामुळे बायकांचा या बारावर विश्वास होता. बायकांसाठी बार सुरक्षित करायचा म्हणजे काय, याचं उत्तर इथे चाळीस वर्षांपूर्वीच दिलं गेलं होतं.

आणि २ नोव्हेंबर २०२५.

नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर बायकांच्या वर्ल्ड कपची फायनल. तीन दिवस आधी त्याच मैदानावर आपल्या वांद्र्याच्या जेमिमाने ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ करून ३३९ चं लक्ष्य गाठून दिलं होतं. माझ्या संघातल्या मोठ्या मुली, नोकरीला लागलेल्या, म्हणाल्या, ताई, घरी टीव्हीवर सिरियल चालू असतील, आपण समोर जाऊ. मी अण्णांना विचारलं. ते म्हणाले, "विचारायचं काय त्यात? पुढची दोन टेबलं तुमची."

पावसामुळे मॅच तीनऐवजी पाचला सुरू झाली. आम्ही गेलो तेव्हा आत नेहमीची माणसं होती. मसाला बाजारातला हमाल, बेस्टचा रिटायर कंडक्टर, केईएमचे दोन वॉर्डबॉय, बँकेत असलेली पोरं, आणि एक गृहस्थ, जे गेली कितीतरी वर्षं एकटेच कोपऱ्यात बसतात आणि फक्त स्कोअर लिहितात. ही सगळी माणसं म्हणजे तुमच्या पाटीवरचे एकटे पुरुष. त्यांनी पुढची टेबलं सोडली आणि मागे सरकली. कुणी मुद्दाम कौतुक केलं नाही, कुणी टक लावून पाहिलं नाही. शफालीने ८७ केल्या तेव्हा सगळे उठून उभे राहिले. मुलींपैकी दोघींनी बिअर घेतली, बाकीच्यांनी लिंबू सोडा, आणि शेंगदाण्यांच्या वाट्या न मागता भरत राहिल्या. दक्षिण आफ्रिकेच्या वोल्वार्टचं शतक झालं तेव्हा हॉल चिडीचूप झाला, पण कोपऱ्यातल्या गृहस्थांनी हातातली पेन्सिल खाली ठेवून तिच्यासाठी टाळ्या वाजवल्या. मग अमनजोतने दोन वेळा हातातून उडालेला झेल पकडला. मग दीप्ती. पाच विकेट. शेवटचा झेल हरमनप्रीतने मागे पळत घेतला तेव्हा मध्यरात्र झाली होती, ५२ धावांनी जिंकलो होतो, आणि माझ्या संघातली एक मुलगी, जिच्या घरी अजून तिच्या खेळण्यावरून भांडणं होतात, ती हमालकाकांच्या गळ्यात पडून रडत होती. त्या काकांनाही आवरेना.

संघाचे प्रशिक्षक अमोल मुझुमदार. आचरेकर सरांचा विद्यार्थी, शिवाजी पार्कचा मुलगा. सचिन-विनोदची ६६४ ची भागीदारी चालू असताना पॅड बांधून दोन दिवस बसून राहिला, पुढे मुंबईसाठी ढिगाने धावा केल्या आणि भारताकडून एकदाही खेळायला मिळालं नाही. हे सगळं त्या रात्री मुलींना कंडक्टर काकांनी सांगितलं. त्यांनी त्याला कांगा लीगमध्ये पावसात खेळताना पाहिलं होतं. ही माहिती मोबाईलवरही मिळते, पण तिथे बसून, त्या माणसाकडून ऐकताना मुलींचे चेहरे कसे झाले होते ते मी पाहिलंय.

आता तुमच्या पाटीप्रमाणे ती रात्र पुन्हा मांडून बघा. हमालकाका चप्पल घालून येतात, ते बाहेर. कंडक्टर काकांच्या पत्नी जाऊन पाच वर्षं झाली, ते बाहेर. वॉर्डबॉय दोघं मित्र आहेत, ते बाहेर. स्कोअर लिहिणारे गृहस्थ एकटे, बाहेर. बाप आणि मुलगा एकत्र आले तरी बाहेर. आत कोण राहिलं? आम्ही सहा जणी. आणि आम्हीही जोडी नाही, म्हणजे आमचंही काय करायचं हे दारावरच्या माणसाला ऑफिसला फोन करून विचारावं लागेल. एकटी बाई आत येऊ शकते, असं तुमचा माणूस म्हणाला. मग ती आत बसलेल्या जोड्यांमध्ये एकटी बसेल. ती तिथे सुरक्षित आहे असं तुम्हाला वाटतं. मला वाटत नाही. अनोळखी माणसांनी भरलेल्या हॉलपेक्षा जिथे प्रत्येकाचं नाव, काम, खोली नंबर माहीत आहे तिथे मी जास्त निर्धास्त असते. जो वाईट वागेल त्याला त्याच्या नावाने हाक मारून बाहेर काढता येतं. त्याच्या आईला कळतं. मोठ्या शहरात ही गोष्ट विकत मिळत नाही, तुम्हाला ती जागेबरोबर मिळाली आहे.

वाईट वागणारी माणसं असतात, मी नाही म्हणत नाही. या बारमध्येही झालं आहे. एकाने वेटरच्या अंगावर ग्लास फेकला, एक जण एका मुलीच्या मागे चाळीपर्यंत आला. त्या दोघांना अण्णांनी कायमचं बंद केलं, दुसऱ्याच्या बाबतीत पोलिसात तक्रार द्यायला स्वतः आले. वागला त्याला शिक्षा, हा नियम आम्हाला समजतो. पुरुष आहे आणि एकटा आहे म्हणून बाहेर, हा नियम आमच्या भावांना, बापांना, शेजाऱ्यांना आधीच गुन्हेगार ठरवतो, आणि तो आमच्या नावावर लावलाय. हे आम्ही चालू देणार नाही. "लेडीज नाईट"ला फुकट कॉकटेल द्यायची जाहिरातही लागली आहे. फुकट काही नको. बिल आम्ही भरू.

सुरक्षिततेचीच काळजी असेल तर खरी कामं मी सांगते, आणि त्यातलं पहिलं काम फार गंभीर आहे.

मागच्या गल्लीचं दार तुम्ही बंद केलं आहे. तिथे आता आतून मोठा पडदा लागलाय आणि बाहेरून बिअरचे क्रेट. बायकांचं स्वच्छतागृह त्याच मागच्या बोळात आहे. म्हणजे मागे गेलेल्या बाईला बाहेर पडायला एकच वाट : पूर्ण हॉल ओलांडून पुढचं दार. २८ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर इथून चालत जाण्याच्या अंतरावर कमला मिलमधल्या पबमध्ये आग लागली. १४ जण गेले, बहुतेक स्त्रिया, आणि कितीतरी जण स्वच्छतागृहात धुराने गुदमरून. वाढदिवस साजरा करायला गेलेली मुलगी होती त्यात. दुसऱ्या दिवशी केईएमच्या बाहेर जी गर्दी होती त्यात आमच्या चाळीतली माणसंही होती. ज्यांनी ती सकाळ पाहिली त्यांना बंद मागचं दार बघवत नाही. पडदा हलवा. दार उघडा, आतून ढकलून उघडेल असं करा, वर दिवा लावा, क्रेट गोदामात ठेवा. याला एक दिवस पुरेल. हे पत्र वाचून संपलं की हे काम सुरू करा, बाकीच्यावर आपण नंतर बोलू.

मग स्वच्छतागृह. कडी नीट लागेल, पाणी येईल, दिवा असेल, कचऱ्याचा झाकणाचा डबा असेल. इतकं झालं तरी या भागातल्या निम्म्या बायका पहिल्यांदा आत पाऊल ठेवतील.

आणि माणसं. जुन्या वेटरांपैकी तिघांना तुम्ही महिनाअखेरीपर्यंतच ठेवणार आहात असं ऐकलं. खरं असेल तर पुन्हा विचार करा. दारावर काळ्या कपड्यांतले दोन बाउन्सर उभे करण्यापेक्षा त्या तिघांचं आत असणं आम्हाला जास्त सुरक्षित वाटतं. कुणाला किती झाली हे त्यांना चालण्यावरून कळतं. कुणाच्या घरी आजारपण आहे, कोण औषधावर आहे, कोण दोन महिने सोडून पुन्हा सुरू करायच्या बेतात आहे, हे त्यांना माहीत आहे. त्यातले एक तर २००५ च्या २६ जुलैला गुडघाभर पाण्यातून अडकलेल्या लोकांना बारच्या पोटमाळ्यावर घेऊन रात्रभर चहा देत होते. इंग्रजी येत नाही हे कारण ऐकलं. मेनू समजावून सांगायला नव्या मुलांना ठेवा, हरकत नाही. या तिघांना काढू नका.

खेळाबद्दल. तुमच्या नव्या फलकावर प्रीमियर लीग आहे, फॉर्म्युला वन आहे, यूएफसी आहे. आमच्या मुलांना हे सगळं आवडतं, आनंदाने लावा. पण कबड्डी नाही. लालबाग-परळ-प्रभादेवीत, जिथे गल्लीगल्लीत कबड्डीची मंडळं आहेत, जिथल्या मातीत खेळून पोरं राज्याच्या संघात गेली, तिथल्या स्पोर्ट्स बारच्या फलकावर कबड्डी नाही, याचं मला मनापासून वाईट वाटलं. २०१२ मध्ये पाटण्याला बायकांचा पहिला कबड्डी वर्ल्ड कप भारताने जिंकला, त्या संघात महाराष्ट्राच्या तिघी होत्या : अभिलाषा म्हात्रे, दीपिका जोसेफ आणि सुवर्णा बारटक्के. ऑक्टोबर २०२३ मध्ये हांगझोच्या एशियाडला चायनीज तैपेईविरुद्ध बायकांची फायनल २६-२५ अशी एका गुणाने जिंकली. तो एक गुण माझ्या मुलींनी नंतर पुन्हा पुन्हा लावून पाहिला. प्रो कबड्डी २०१४ मध्ये सुरू झाली त्या वर्षी या बारात चेंगराचेंगरी व्हायची, कारण पडद्यावरच्या खेळाडूचा पवित्रा चुकला की इथला माणूस उठून, टेबल सरकवून, तो कसा घ्यायला हवा होता ते करून दाखवायचा. असा प्रेक्षक तुम्हाला दुसरीकडे कुठे मिळणार? मोसम चालू असेल तेव्हा एक पडदा कबड्डीला द्या, आवाजासकट. बायकांच्या मॅचेसनाही तसाच, त्यासाठी वेगळा दिवस पाळायची गरज नाही. आणि मुंबईची रणजी मॅच असेल तर दुपारी एखादा टीव्ही चालू ठेवा. मार्च २०२४ मध्ये विदर्भाविरुद्ध आपण ४२ वं विजेतेपद जिंकलो तेव्हा आत मोजकी माणसं होती, पण शेवटची विकेट धवल कुलकर्णीने त्याच्या शेवटच्या सामन्यात काढली तेव्हा त्यांनी केलेला आवाज आम्हाला चाळीत ऐकू आला.

एक तांत्रिक गोष्ट. नवे पडदे तुम्ही इंटरनेटच्या अ‍ॅपवर चालवता. अ‍ॅपवरचं चित्र डिशच्या मागे काही सेकंद असतं. समोर आमच्या चाळीत डिश आहे. विकेट पडली की आधी आम्ही ओरडतो आणि तुमच्या गिऱ्हाईकाला चेंडू पडायच्या आधीच निकाल कळतो. निदान मुख्य पडदा डिशवर ठेवा, व्यावसायिक जोडणी घेऊन. आणि ओव्हरच्या मध्ये गाणी वाजवू नका. कॉमेंट्री ऐकणारी माणसं आहेत इथे. रात्री दहानंतर आवाज कमी आणि दार लोटलेलं, हा जुना रिवाज होता, तो पाळाल ना? दहावी-बारावीच्या परीक्षांच्या दिवसांत तर नक्की. वरच्या दोन मजल्यांवर मुलं अभ्यास करतात.

दराबद्दल थोडंच. एसी हॉलमध्ये काय लावायचं ते लावा. पण पुढचा बिनएसी भाग आहे, दहा टेबलांचा, तो तसाच राहू द्या, किमान बिलाशिवाय. एक क्वार्टर आणि बोंबील फ्राय घेऊन माणूस पूर्ण मॅच बसला तर बसू द्या. तो दर आठवड्याला येतो, पाऊस असो, भारत हरत असो. नव्या गिऱ्हाईकाचा तसा भरवसा नसतो, हे तुम्हाला दोन मोसमांत कळेल. बिलात सर्व्हिस चार्ज आपोआप लावू नका, २०२२ पासून ग्राहक प्राधिकरणाची त्याला मनाई आहे आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही ती उचलून धरली. टीप लोक देतात. इथे कायम दिली आहे.

भिंतीवरचे फोटो रंगकामाच्या वेळी काढून ठेवलेत, ते पोटमाळ्यावर आहेत असं समजलं. ते बारचे नाहीत, मंडळाचे आहेत. अण्णांकडे लावायला दिले होते. १९७० च्या दशकापासूनचे मुलांचे संघ आहेत, आणि खालच्या ओळीत मुलींचा एक, ज्यात मीही आहे. पुन्हा लावणार असाल तर आम्हाला आनंद आहे, काचा आम्ही बदलून देऊ. लावायचे नसतील तर कळवा, पोरं येऊन घेऊन जातील.

येत्या रविवारी सकाळी अकरा वाजता मंडळाच्या खोलीत आम्ही जमणार आहोत. सही केलेल्या सगळ्या बायका असतील आणि ज्यांना तुमच्या पाटीने बाहेर ठेवलंय ते पुरुषही असतील. तुमच्यापैकी कुणीतरी स्वतः या, मॅनेजरला पाठवू नका. येण्याआधी मागचं दार उघडलेलं असावं आणि पाटीवरची आमच्या नावाची ती ओळ पुसलेली असावी, एवढी विनंती आहे. बाकी नियमांवर समोरासमोर बसून बोलू.

आपली,
समोरच्या चाळीतली एक रहिवासी, कबड्डी प्रशिक्षक
आणि सोबत सह्या करणाऱ्या गल्लीतल्या बायका